आबा सांगतील तेच खरं

आबांना खोटं बोलता येत नसे. आणि असा माणूस विनोदी मालिकेत गाजला, हे आमच्या अकोल्यातच होऊ जाणे.

आबा म्हणजे माझा मित्र प्रफुल्ल याचे वडील, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. प्रफुल्ल स्टँड-अप कॉमेडी करतो, तीही वऱ्हाडीत. एकदा त्याने कुठलीशी ब्रिटिश मालिका पाहिली. तिच्यात एक कॉमेडियन स्वतःच्याच नावाने स्वतःचंच काम करतो, आणि आपण मालिकेत आहोत हे ठाऊक असल्यासारखा मधेच प्रेक्षकांशी बोलतो. प्रफुल्ल झपाटला. घर तेच, माणसं तीच, नावं तीच. शेजाऱ्याचं काम करायला आणि मोबाइल धरायला मी. अडचण आली की तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणे, "सांगा बावा, आता मी काय करू?"

आबांना वाक्य दिलं की ते आधी खरं का खोटं ते बघत. एकदा रिकाम्या कपातून चहा प्यायचा होता. आबांनी कप उलटा करून दाखवला.

"याच्यात चाय नाही."

"आबा, नाटक आहे."

"तं मंग लोकायले तसं सांग ना!"

प्रफुल्लने ते तसंच यूट्यूबवर टाकलं आणि लोक हसून बेजार झाले. त्या ब्रिटिश गड्याला जे कसबाने साधायचं, ते आबांना निव्वळ सरळपणाने साधे. मला तर ते फार आवडत. मोबाइलवर ते स्वतःला बघून म्हणत, "हा बुढा बरा बोलते."

मग प्रफुल्लच्या डोक्यात आबांच्या मरणाचा भाग आला. आबा झोपायला तयार होईनात. "मी मेलो नाही, तं आडवा होऊ काहून?" शेवटी नुसत्या फोटोला हार घालून काम भागवलं. नेमका तेवढाच तुकडा कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दर्यापूरहून जीप भरून मंडळी आली. आबांची धाकटी बहीण, शांताआत्या, फाटकापासूनच हंबरडा फोडत होती. आबा बादली घेऊन झाडांना पाणी घालत होते. ते घाबरून पुढे आले.

"कोन गेलं वं, शांते?"

आत्याने आधी त्यांना चाचपून पाहिलं, मग प्रफुल्लला बदडलं. सगळ्यांना चहा झाला, आणि जाताना आबांनी बहिणीला बजावलं, "आता माह्याबद्दल काहीबी आलं, तं आदी मले फोन लावजो. मी सांगन तेच खरं."

तेव्हापासून ती खरंच फोन लावी. आबाही इमानाने सांगत, "जित्ता हाओ."

यंदाच्या थंडीत, सकाळी ओट्यावर पेपर वाचता वाचता आबा गेले. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. बहिणीने तोंड पाहिल्याशिवाय उचलायचं नाही, असं ठरलं. दर्यापूर काही लांब नाही.

प्रफुल्लने फोन लावला. "आत्या, आबा गेले वं," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. पलीकडून आत्या हसली. "आता चांगलं जमून राहिलं तुले रडनं." त्याने आईची शपथ घेतली, तशी ती आणखीच हसली. जन्मभर लोकांना हसवायला धडपडलेला तो पोरगा गयावया करत होता, "हसू नको वं, आत्या." मला ते बघवेना. मी फोन घेतला.

"आत्या, खरंच गेले. तुम्ही निघा."

"तू बी त्याच्यातलाच ना रे? शेजारी बनते तो?"

प्रफुल्ल नेहमी कॅमेऱ्याकडे वळे, तसा माझ्याकडे वळला होता. तो तसाच माझ्याकडे बघत राहिला. आमच्या मधे आबा चादरीखाली होते, ज्या प्रसंगाला त्यांनी कधी होकार दिला नाही त्याच प्रसंगात.

"बरं, दादाले दे फोन," आत्या म्हणाली. "तो खोटं नाही बोलत."