कंबर दाखवायला गेलो, पाय दाखवून आलो

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मेढ्याजवळच्या गावात एकट्या राहतात. नवरा लष्करात, पोस्टिंग कायम लांब, आणि मी साताऱ्यात शाळेवर शिक्षिका. शनिवार आला की मी गावी. गेली दोन वर्षं आत्यांची कंबर दुखत होती आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं गं, दुसरं काय." मागे एका रविवारी मात्र भाकरी थापताना त्यांनी दोन्ही कोपरं ओट्यावर टेकली, आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांना सरळ होता येईना. मी त्याच दुपारी मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

आत्यांना तयार करणं सोपं नव्हतं. मिरजेला कंबर दाखवली की ऑपरेशन करतात आणि मग माणूस शेतात जायच्या कामाचा राहत नाही, असं शेजारणीने त्यांच्या डोक्यात घालून ठेवलं होतं. "ऑपरेशन म्हनल्या तर मी तशीच उठून यष्टीत बसनार, आदीच सांगते," असं दोनदा बजावून त्या गाडीत बसल्या. सोबत चटणी-भाकरीचं गाठोडं, कारण हॉटेलातलं तेल त्यांना सोसत नाही. (परत येताना कऱ्हाडजवळ कांदाभजी कुणी संपवली ते मी लिहीत नाही.)

मेढ्याहून पहाटे निघालात तर पाऊण तासात साताऱ्याला महामार्ग लागतो. तिथून कऱ्हाड सोडून पेठ नाक्याला डावीकडे वळायचं आणि आष्ट्यावरून सांगली, मिरज. साताऱ्यापासून तीन तास पुरतात, पण सोबत दुखरी कंबर असेल तर चार धरा. आम्ही दर तासाला थांबलो. थांबलं की आत्या उतरून चार पावलं चालायच्या. त्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन, जरा डुलत चालत होत्या. हे मी इतकी वर्षं बघत होते आणि मला ती त्यांची चालण्याची ढब वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी कंबरेचा एक्स-रे पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, चपला काढून जरा दारापर्यंत चालून दाखवा." मग पाय ओले करून कागदावर उभं केलं. कागदावर अख्खंच्या अख्खं पाऊल उमटलं, मधल्या खळग्याचा पत्ताच नाही. त्यानंतर बाई चक्क खाली बसून आत्यांची टाच दाबून बघायला लागल्या. आत्यांनी पाय झटकन मागे घेतला. "आवं, डॉक्टरीणबाई, पायाला काय हात लावताय!" आणि वाकवत नसतानाही वाकून त्यांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडभरून आशीर्वाद दिला. बाईंनी तो नीट घेतला आणि मग पुन्हा टाच धरली. आत्या कळवळल्या.

बाईंनी समजावलं ते असं. तळव्याची कमान बसली, त्यात टाच दुखते. टाच टेकवायची नाही म्हणून आत्या पाऊल वाकडं टाकतात, त्याने गुडघा आणि खुबा तिरका पडतो आणि तो सगळा ताण शेवटी कंबर झेलते. ऑपरेशनची गरज नाही. पोटऱ्या ताणायचे व्यायाम करायचे, आणि घरात दिवसभर मऊ, कमानीला आधार देणाऱ्या चपला घालायच्या. (मी डॉक्टर नाही. तुमची कंबर तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा, फक्त सोबत पायही दाखवा.)

"हे सुरू कधी झालं, आजी?"

"असंच... दोन वर्सं झाली आसतील."

"घरात अनवाणीच ना? कडक फरशी कधी बसवली?"

आत्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. दोन वर्षांपूर्वी मीच हौसेने गावचं स्वयंपाकघर नवं केलं होतं. सारवलेली जमीन काढून चकचकीत फरशी घातली आणि चुलीपुढे बसायला नको म्हणून उभा ओटा केला. आत्यांना आराम मिळावा म्हणून.

त्या रात्री आम्ही मिरज स्टेशनजवळच्या लॉजवर राहिलो. खोली साधी, पण स्वच्छ आणि तळमजल्यावर. दुखरी माणसं बरोबर असतील तर तळमजलाच मागून घ्या. ऑपरेशन टळलं म्हणून आत्या खुशीत होत्या, पण चपलेचं नाव काढलं की मान फिरवायच्या. "चुलीपुढं चप्पल? माझ्या सासूनं बघितलं आस्तं तर मला म्हायेरी धाडली आस्ती."

सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या चपलांच्या दुकानात गेलो. पांढऱ्या दाढीचे एक चाचा पिढीजात हेच काम करतात. त्यांनी कागदावरचा पायाचा ठसा पाहिला आणि आत्यांचं म्हणणंही शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, इटाळ कशाचा, वाटंचा का चपलंचा?"

"वाटंवरची घाण चपलंला लागती की."

"मग ह्या वाटंवर न्यायच्याच न्हाईत. हितनं पिशवीत घालून न्या, घरातच घाला. रबर आन् कापड हाय, चामडं न्हाई. खरकटी भांडी धुता तशी धुवा."

आत्यांनी चप्पल उलटीपालटी करून पाहिली. "आन् देवापुढं?"

"देवापुढं काढा की! दोन मिन्टात कंबर मोडत न्हाई."

चाचांनी तासाभरात तळव्याखाली कमानीची जोड बसवून दिली. साडेसातशे रुपये पडले, आणि चहा त्यांनीच पाजला.

परतीच्या वाटेवर सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतलं आणि कृष्णेच्या घाटावर टेकलो. पाणी संथ होतं. "आपल्या गावची वेण्णा ह्यातच आली म्हन की," आत्या म्हणाल्या. मला मात्र राहवेना.

"आत्या, फरशीने पाय दुखतात हे मला सांगितलं का नाहीत?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "पैल्या दिवशी तू फरशी पुसत हुतीस. पुसून झाली की उभी ऱ्हाऊन बगायचीस, आन् परत पुसायचीस. लय आनंद झालता तुला. मला आसं हौसंनं कुनी काय केलं न्हवतं गं. म्हनलं, दुखतंय तर दुखू दे. तुझं त्वांड पडाया नगं."

मी रडले. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका बघत होत्या, तरी रडले. फरशी उखडून टाकू म्हणाले तर आत्या माझ्यावरच खेकसल्या, "याड लागलं का तुला? पुसाया किती सोपी हाय!" शेवटी एवढंच ठरलं की यापुढे दुखलं तर लपवायचं नाही. मान त्यांनी डोलावली, पण माझा काही विश्वास बसला नाही.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. चपला पायात असतात. शेजारीण नाक मुरडते तेव्हा आत्या सगळं खापर माझ्यावर फोडतात, "सुनंनं आनल्यात, घालाया लागतंय बाई." कंबर पुष्कळ हलकी आहे. या सगळ्या प्रवासाचं काय उरलं असं कुणी विचारलं, तर मी गेल्या गुरुवारचा फोन सांगेन. मी नेहमीसारखं विचारलं, "आत्या, बरं आहे ना?" आत्या म्हणाल्या,

"न्हाई गं. आज डावी टाच लय ठणकतीया. तू शनिवारची वाट बगू नगंस, उद्याच यी."