टाकीवरची गोधडी

घाग मेस्त्री कुठल्याही घरात शिरले, की आधी पाइपाला उलटा हात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. यजमान सलाम करत उभा असला तरी त्याचा नंबर नंतर. मग मान हलवून म्हणायचे, "पाणी काय, कोनपन तापवील वो. ऊब टिकली पायजे."

मेस्त्री गुहागरकडचे. मस्कतमध्ये अल् घुब्राला कंपनीच्या खोलीत आम्ही एकत्र राहायचो. मी सुपरवायझर, ते पाइप फिटर. ओमानात घर गरम करायचं काम करतो म्हटलं की लोक हसतात. हसू देत! जबल अखदर डोंगराच्या माथ्यावर हिवाळ्यात नळातलं पाणी गोठतं. आमच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, म्हातारी आई तिथल्या दगडी घरात राहायची. तिला छातीचं दुखणं, गारठ्यानं श्वास कोंडायचा, पण घर सोडून खाली मस्कतला यायचं नाव नाही.

घरात डिझेलचा बॉयलर होता, भिंतींना रेडिएटर होते. पण बॉयलर सारखा पेटायचा, विझायचा, डिझेल ढोसायचा आणि पहाटे घर पुन्हा गारच. म्हणून ठरलं, की बॉयलर दुपारी एकदाच दणकून चालवायचा, ते गरम पाणी मोठ्या टाकीत साठवायचं आणि रात्रभर हळूहळू घरात फिरवायचं.

कामापुरते आम्ही सामानासकट वरच राहायला गेलो. काम अर्धं झालं आणि गुहागरहून मेस्त्रींच्या भावाचा फोन आला. आईनं अंथरूण धरलं होतं. अन्न सुटलं होतं. दार वाजलं की मेस्त्रीच आले असं वाटून विचारायची, "दत्तू आला?"

मेस्त्री अर्बाबकडे ठेवलेला आपला पासपोर्ट मागायला गेले. अर्बाब म्हणाला, "पहले मेरी माँ का घर गरम करो. फिर जाओ, इन्शाल्ला."

माझं डोकंच फिरलं. "अर्बाब, उसकी भी माँ है!" मी ओरडलो.

"मालूम है," तो म्हणाला. "तुम लोग जाता है, वापस नहीं आता. फिर मेरी माँ का क्या?" आधीचा फिटर तसाच गेला होता, हे खरं होतं. आणि शिव्या घालाव्यात तर त्याच्याही डोळ्यांत तीच भीती.

मेस्त्रींनी घरामागच्या शेडमध्ये टाकी बसवली. पण तिच्यावर गुंडाळायचा फोम बंदरात अडकला होता. रोज विचारावं, रोज उत्तर "बुक्रा", उद्या. उघड्या टाकीला शेडमधला वारा लागायचा आणि पहाटेपर्यंत पाणी कोमट व्हायचं. मेस्त्री वेड्यासारखे खोके, जुने गालिचे, खजुरीच्या चटया, हाताला लागेल ते टाकीला बांधत सुटले. जेवण नाही, झोप नाही. "भाऊ, आयस थांबंल ना?" एवढंच विचारायचे. मी दरवेळी थांबेल म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

मग एका दुपारी त्यांनी ट्रंकेतून गोधडी काढली. आईनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली.

"अहो मेस्त्री, ही आईच्या हातची ना?"

"म्हनून तर," ते म्हणाले. तारेनं फाटेल म्हणून त्यांनी ती सुतळीनं बांधली.

पहाटे रेडिएटर गरम होते. म्हातारीनं अंगावरची शाल बाजूला सारली आणि नातवंडांकडे चहा मागितला. अर्बाब स्वतः पासपोर्ट घेऊन आला, मेस्त्रींना मिठी मारून म्हणाला, "खलास, आज ही जाओ." मेस्त्री बॅग भरायला वळले तोच गुहागरहून फोन आला. ते उभ्यानं ऐकत राहिले. "बरं," म्हणाले आणि टाकीपाशी गेले.

"एक दिस तरी थांबायचंस गो आये!" त्यांचा तो आवाज मला अजून सहन होत नाही.

गाडी तयार होती. मी सुतळी सोडायला लागलो. आईची एवढी तरी वस्तू त्यांच्यासोबत जावी म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सोडू नका. ती म्हातारी गारठंल."

"फोम येईल, मेस्त्री."

"येल तवा येल." त्यांनी गोधडीला उलटा हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. "ऊब हाय," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

ते परत आले नाहीत. अर्बाबची भीती खरी ठरली, पण त्याबद्दल तो कधी एका अक्षरानं बोलला नाही. फोम आला तेव्हा मी गोधडी काढायला गेलो. अर्बाबनं मला थांबवलं आणि फोम गोधडीच्या वरून गुंडाळायला लावला.