एकाच रस्त्याचं गाव

गावाचा विषय निघाला की उस्ताद उजवा हात कोपरापासून टेबलावर आडवा टाकायचा आणि मूठ आवळायचा. मूठ म्हणजे गाव, हात म्हणजे रस्ता, बाकीचं टेबल म्हणजे काळा समुद्र. "ओन्ली वन रोड, मॅडम. सेम रोड कमिंग, सेम रोड गोइंग." मग मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवायचा. म्हणजे त्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशी, लाकडी पवनचक्की होती.

ज्याचं गाव सगळ्यांना पाठ झालेलं असतं, असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. नव्वदच्या दशकात बर दुबईतल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात तो होता. बल्गेरियाचा, पन्नाशी उलटलेला, इमारतींची मॉडेलं करणारा. मी तिथे सेक्रेटरी होते. त्याचं नाव आम्हाला कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून तो उस्ताद. वयाने माझ्या काकांएवढा, पण इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे मनातही तो 'तो'च राहिला.

एरवी त्याच्या टेबलावर पुठ्ठ्याचे टॉवर उभे राहत. जेवणाच्या सुट्टीत मात्र उरलेल्या तुकड्यांतून तो आपलं नेसेबर बांधायचा. हजारो वर्षांचं गाव. आधी थ्रेशियन, मग ग्रीक, रोमन, बल्गेरियन, तुर्क. "एव्हरीबडी कमिंग, हबीबी. नोबडी आस्किंग माय मदर."

गाव एवढंसं, पण गल्लोगल्ली चर्च. भिंतींना पांढऱ्या दगडाचा एक थर, लाल विटेचा एक थर. कमानींभोवती हिरव्या चकत्या असत. त्या तो माझ्या पंचिंग मशीनच्या कचऱ्यातून वेचायचा आणि रंगवायचा. कचरा टाकून दिला की दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही. समुद्राच्या कडेला एक छप्पर नसलेलं चर्च होतं. ते बांधताना म्हणे गवंडी वरून पडून मेला, म्हणून तिथे कधी प्रार्थनाच झाली नाही. ते करताना तो उगाच हळू आवाजात बोलायचा.

त्याचं घर शेवटच्या गल्लीत. खाली दगड, वर लाकूड, वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला. तिथे आई एकटी राहायची. त्या घराच्या दारावर तिळाएवढा कागद चिकटवलेला पाहून मी विचारलं, हे काय?

"फादर," तो म्हणाला.

त्यांच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद घराच्या दारावर लावतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने पुन्हा नवा. मला कसंतरीच झालं. आपण फोटोला हार घालून आत ठेवतो. रोज गेलेल्या माणसाच्या तोंडावरून घरात शिरायचं म्हणजे काय?

"पीपल पासिंग, मॅडम," तो म्हणाला. "सेइंग गुड मॉर्निंग."

एका बुधवारी दुपारी त्याच्या भावाचा फोन आला. आई शेवटच्या घटका मोजत होती, त्याचं नाव घेत होती. आणि त्याच आठवड्यात उस्तादचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी सरकारी ऑफिसात गेला होता. ऑफिस बंद झालेलं. गुरुवार-शुक्रवार सुट्टी.

सरकारी कामं बघणारा आमचा मंदूब फोनवर म्हणाला, "मॅडम, सॅटर्डे, इन्शाल्ला." साहेबांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. खालच्या ट्रॅव्हल एजंटने तिकीट काढून ठेवलं. मी तेच तेच नंबर फिरवत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. उस्ताद समोर बसला होता. हात टेबलावर आडवा, मूठ मात्र उघडी.

"टिकट इज देअर," तो म्हणाला. "मदर इज देअर. व्हॉट इज मिसिंग? ओन्ली स्मॉल बुक."

इतकं लाचार मला क्वचितच वाटलं असेल. चहा पुढे केला, तोही त्याने घेतला नाही.

गुरुवारी आई गेली, शुक्रवारी तिला पुरलं. शनिवारी सकाळी मंदूब पासपोर्ट घेऊन हसत आला. "खलास, मॅडम, फिनिश." त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उस्ताद गेला नाही. काही दिवसांनी त्याने भावाने टपालाने पाठवलेला, आईचा फोटो छापलेला कागद माझ्याकडे आणला. "स्मॉल," म्हणाला. मी झेरॉक्सवर तो लहान केला, पुन्हा लहान केला, चेहरा जवसाएवढा होईपर्यंत करत राहिले. त्याने चिमट्याने तो पुठ्ठ्याच्या दारावर बापाशेजारी चिकटवला. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा. तोवर आमच्या ड्राफ्ट्समन मंडळींना सवयच लागली होती. मॉडेलरूममध्ये शिरताना आधी, "गुड मॉर्निंग, ममा." सुरुवातीला थट्टेने, मग थट्टा कधी गळून पडली ते कळलं नाही.

पुढे भावाने घर हॉटेलवाल्याला विकलं. "न्यू डोअर," उस्ताद म्हणाला. "ग्लास." आणखी काही वर्षांनी आमचं ऑफिसही बंद झालं. त्याला दोहाला काम मिळालं. गावाचं मॉडेल विमानातून न्यायच्या मापाचं नव्हतं. त्याने स्वतःच ते तोडलं आणि तेवढं घर बुटांच्या खोक्यात घालून माझ्या हातात दिलं.

"माय ब्रदर सोल्ड द डोअर," तो म्हणाला. "धिस डोअर यू कीप, मॅडम. वन डे, माय पेपर."

"भलतंसलतं बोलू नकोस," असं मी चक्क मराठीत म्हणाले. घरी येऊन खोकं उघडलं, तर तळाशी त्याचा पासपोर्ट साइझ फोटो होता.

पहिली काही वर्षं ईदला आणि दिवाळीला फोन व्हायचा. मग एकदा त्याच नंबरवर दुसराच माणूस अरबीत बोलला. त्याला ना उस्ताद माहीत, ना बल्गेरिया. उस्तादच्या भावाचं नावही मला ठाऊक नाही.

घर आमच्या शोकेसमध्ये आहे. तो फोटो मी जवसाएवढा करून ठेवला आहे. मुलगी म्हणते, "आई, जस्ट स्टिक इट." कसा लावू? लावला तर जिवंत माणसाला मारल्यासारखं होईल. आणि नाही लावला, अन् तो गेलाच असेल, तर जगात त्याला दुसरं दार नाही.

सकाळी काच पुसताना मी दारावरच्या त्या दोघांना गुड मॉर्निंग म्हणते. त्यांच्या शेजारची जागा पुसून कोरडी करते आणि शोकेस बंद करते.