सिल्वीच्या पाळण्याचं रिकामं कडवं

सुजाताताईंच्या अनिकेतचा फोन आला तेव्हा मी अ‍ॅशबर्नला लेकीच्या स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या उकळत होते. "काकू, आई गेली. सकाळी, झोपेतच," तो म्हणाला, आणि मी म्हणाले, "बरं." आता मरणाच्या बातमीवर कोणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच गेलं. सुजाताताईंचं दुखणं वर्षभर चाललेलं, जर्सी सिटी ते अ‍ॅशबर्न माझ्या फेऱ्या चाललेल्या, इकडे इराचं बाळंतपण, तिकडे ताईंची केमो... माणूस एवढं दमतं की रडायचंसुद्धा नंतर बघू म्हणतं. तेवढ्यात आत नात रडायला लागली. मी शेगडी बंद केली, तिला उचललं आणि "काय झालं माझ्या बाळाला" करत खोलीभर फिरत राहिले. बाळ, सोनू, चिमणे, ठमे, सगळं म्हणून झालं होतं माझं, पण जन्मल्यापासून एकदाही मी तिला तिच्या नावानं हाक मारली नव्हती. हे एकट्या सुजाताताईंच्या लक्षात आलं होतं.

ताई नागपूरच्या, मी पुण्याची. आमची ओळख जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनपाशी झाली. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि घरी बसलेली, त्या स्वतःच्या व्हिसावर आलेल्या. मॅनहॅटनमधल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करायच्या. तेव्हा इरा माझ्या पोटात होती. माझ्याकडे एकदा नीट बघून त्यांनी विचारलं, नाव ठरवलं काय? मी म्हटलं, ठरवलंय, पण बारशाआधी सांगणार नाही, आमच्यात पद्धत नाही. तर म्हणाल्या, मला सांगावंच लागते बाई, पाळणा मी लिहिणार आहे, नावच माहीत नसलं तर यमक कशाशी जुळवू? ओळख पाच मिनिटांची आणि ही बाई माझ्या पोरीचा पाळणा लिहिणार! मी मुकाट्यानं नाव सांगून टाकलं. हिरा, झरा, तुरा असं काय काय जुळवत त्यांनी इराचा पाळणा केला, आणि मग आमच्याकडे तो रिवाजच पडून गेला. बिल्डिंगमधल्या, पुढे गावभरच्या मराठी बाळांची नावं आधी सुजाताताईंना कळायची, मग आजी-आजोबांना. कुणाचं नाव त्यांनी कधी फोडलं नाही. सख्ख्या सासवा खोदून खोदून विचारायच्या, तर ह्या त्यांना सांबारवडी वाढायच्या आणि सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे समजावत बसायच्या.

पाळणा करताना कागद नाही, पेन नाही. डाव्या हातात स्टीलची वाटी, उजव्या हातात चमचा, आणि टक्-टक्, टक्-टक् असा ठेका. त्यांची आई नागपूरला वस्तीत जयंतीला पाळणे म्हणायची, तिच्या शेजारी बसून त्या हा ठेका शिकल्या. पण त्यांचा एक नियम होता. पाळण्यात देव घालायचा नाही. राम नाही, कृष्ण नाही, शिवबासुद्धा नाही. नाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय आणि त्याला यमक कोणतं, एवढ्यावर सगळं गाणं. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना हे जरा अळणी वाटायचं. एखादा कृष्ण घाला की हो, असं कुणी म्हटलं की ताई शांतपणे म्हणायच्या, कृष्णाला त्याचे पाळणे आहेत ना, हा तुमच्या बाळाचा आहे. मग हमखास कुणीतरी विचारायचं, आडनाव काय म्हणालात तुमचं? ताई सांगायच्या. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायच्या, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि वडा खायला घ्यायच्या. मला अशा वेळी त्या बायकांचा इतका संताप यायचा! ताईंना येत असेल तर त्यांनी तो कधी दाखवला नाही.

ह्या वर्षी इराला मुलगी झाली. हॉस्पिटलमधूनच तिनं सांगितलं, "आई, वी आर नेमिंग हर सिल्वी." जावई ल्यूक हा मेन राज्यातला, त्याच्या घरचे मूळचे फ्रेंच बोलणारे, आणि त्याच्या आजीचं नाव सिल्वी. मी "छान" म्हणाले आणि फोन ठेवला. काय छान? मी मनात सई धरून बसले होते. तीस वर्षं ह्या देशात लेकीशी मराठीत बोलले, ती इंग्लिशमध्ये उत्तर देत राहिली, तरी मी आपली मराठीतच बोलत राहिले. आणि एवढं करून नातीच्या नावातसुद्धा आपलं म्हणून काही उरू नये? वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. भांडायची ताकद नव्हती, म्हणून मी नाव घेणंच टाळायला लागले. त्यात इराला बारसं हवं होतं, आणि बारशाला सुजातामावशीचाच पाळणा हवा होता. मला वाटलं, चला, सुटले. फ्रेंच नाव मराठी पाळण्यात बसायचं नाही, हे ताईच सांगतील, आणि त्यांचं पोरं ऐकतात. निदान पाळण्यातलं एक नाव तरी वेगळं ठेवता येईल.

हे मनात धरूनच मी जर्सी सिटीला ताईंकडे गेले. डोक्याला रुमाल बांधून त्या खिडकीशी सोफ्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते नाव दोन-तीनदा, नवीन मसाल्याची चव घ्यावी तसं, तोंडात घोळवलं आणि माझं पुढचं ऐकायच्या आत थेट ल्यूकला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं बिचाऱ्यानं ऑफिसात बसून सगळं सांगितलं. मूळ शब्द लॅटिन, सिल्वा, म्हणजे रान. फ्रान्समध्ये त्याचं सिल्वी झालं, म्हणजे रानातली. यमक? ते फ्रेंचमध्ये जुळतं 'व्ही'शी, व्ही म्हणजे जीवन. आणि 'राव्ही'शी, म्हणजे आनंदून गेलेली. आजीची आई ह्या दोन शब्दांवर गाणं करून तिला चिडवायची म्हणे. मग त्यानं आणखी एक सांगितलं. आजी शाळेत गेली तेव्हा तिथे फ्रेंच बोलायची बंदी होती. बाईंनी तिचं सिल्व्हिया करून टाकलं, आणि कापडगिरणीत ती जन्मभर सिल्व्हियाच राहिली. घरचीच माणसं सिल्वी म्हणायची, आणि म्हातारपणी तीसुद्धा एकेक करून संपली... मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं म्हणा.

फोन ठेवला आणि ताईंनी वाटी-चमचा मागितला. "पालवी," त्या म्हणाल्या. टक्-टक्. "झुलवी. फुलवी. डोलवी." टक्-टक्. आणि हसायलाच लागल्या, खोकला येईपर्यंत. हे नाव तर पाळण्यासाठीच घडवलंय, म्हणाल्या, तुमच्या त्या सगळ्या अन्वी-तन्वींपेक्षा सोपं आहे. मी इतकी चिडले! म्हटलं, मग हळवीसुद्धा घ्या, मी बसते रडत. तर म्हणतात, 'ळ'चं यमक मी घेत नसते, कच्चं असते ते. मी त्यांच्याकडे काय मागायला आले होते आणि त्या काय करत होत्या! मी चहा करायला उठले, तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं.

त्यांनी मग त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. आजीचं नाव धोंडी. त्यांच्या गावात त्यांच्या लोकांची नावं अशीच असायची, धोंडी, दगडी, कचरू. चांगलं नाव ठेवलं तर वरच्या आळीला खपायचं नाही. नागपूरला दीक्षा घेतल्यावर आजीनं स्वतःच स्वतःचं नाव ठेवलं, यशोधरा. पण हाक कोण मारणार? नवरा धोंडीच म्हणायचा, गल्ली धोंडीच म्हणायची, जिभेला वळणच पडलेलं. ताई शाळेत जायला लागल्या तेव्हा त्यांना हे कळलं, आणि मग रोज घरी येताना त्या गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायच्या, ओ यशोधराबाई! आजी हातातलं काम टाकून दारात यायची. भाकरी करपली तरी यायची.

"नाव नुसतं ठेवून होत नाही मंजू," ताई म्हणाल्या. "हाक मारावी लागते कोणीतरी. तू नाही मारत तिला हाक. मी बघते ना व्हिडिओवर, सगळं म्हणतेस, तेवढं सोडून."

चहा केला, दोघींनी घेतला, आणि मी परतीची बस पकडली.

नंतर त्यांची तब्येत फार झपाट्यानं उतरली. पाळणा त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. तो मी इराच्या गॅरेजमध्ये, गाडीत बसून ऐकला, कारण घरात कुणासमोर ऐकायची हिंमत नव्हती. आवाज बारीक झालेला, पण चमचा तोच.

कोण्या रानाची आली पालवी,
वारा येऊन पाळणा झुलवी,
जो बाळा जो जो रे जो...

अशी तीन कडवी. चौथ्याला शब्दच नाहीत. कडव्याभर नुसताच ठेका, टक्-टक्, टक्-टक्, आणि मग त्यांचा आवाज, जो बाळा जो जो रे जो. शेवटी म्हणतात, हे कडवं आजीचं, नाव ह्यातच यायला पाहिजे, आधीच्या तिन्हींत मी मुद्दाम घेतलं नाही. मी लगेच फोन केला. म्हटलं, ताई, हे मला जमायचं नाही, तुम्हीच पुरं करा.

"मी थकले गं आता," त्या म्हणाल्या. "तेवढं तू कर."

सबंध दुखण्यात 'थकले' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आमचं शेवटचं बोलणं तेच.

त्या गेल्या तेव्हा बारसं आठवड्यावर आलं होतं आणि माझं कडवं झालेलं नव्हतं. जर्सी सिटीला जाऊन आले. फ्युनरल होममध्ये अनिकेतनं आणि इथे शिकायला आलेल्या नागपूरकडच्या काही विद्यार्थ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. बाकी काही विधी नाही, ताईंनीच तसं सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पाळण्यांवर मोठी झालेली किती पोरं आली होती, चांगली दाढ्या-मिशा आलेली. परत आले तेव्हा पाय सुजले होते. इरा म्हणाली, आई, यू आर सो टायर्ड, आपण कॅन्सल करूया का? मी म्हटलं, काही कॅन्सल करायचं नाही.

बारसं दिवाणखान्यातच झालं. आत्या म्हणून ल्यूकची बहीण आली होती. तिनं बाळाच्या कानात असं काही लांबलचक फ्रेंच 'कुर्रर्र' केलं की सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायच्या आधी टाळ्याच वाजवल्या. मग मी फोन टेबलावर ठेवला आणि ताईंचा आवाज सुरू केला. तीन कडवी झाली. चमचा एकटाच वाजायला लागला... आणि त्या टक्-टक्मध्ये मला ताई दिसल्या नाहीत, दिसली ती भाकरी टाकून दारात येणारी म्हातारी, जिला मी कधी पाहिलेलंही नाही. तोंडाला जे आलं ते म्हटलं.

आजी हट्टाची, झाली हळवी,
हाक मारिते, ये गं सिल्वी...

आवाज फाटला माझा. पण ओळ संपली आणि फोनमधून, अगदी वेळेवर, ताईंनी उचललं, जो बाळा जो जो रे जो. पाळण्यातली बया माझ्याकडे टकामका बघत होती. इरा रडत होती. "आई, से इट अगेन," म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. सिल्वी. मग दिवसभर म्हणतच राहिले, सिल्वी, सिल्वे, सिल्वाबाई, जेवताना, लंगोट बदलताना. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं.

आता रोज दुपारी तिला झोपवताना मी फोन उशाशी ठेवते. ताई तीन कडवी म्हणतात, चौथ्याला थांबतात, चमचा वाजवत माझी वाट बघतात. मी माझ्या दोन ओळी म्हणते, हळवी आणि सिल्वी, ळचं कच्चं यमक, त्यांच्या नियमात न बसणारं. मी रोज ऐकते, कान देऊन, की आता तरी त्या मध्येच थांबवून म्हणतील, काहून गं, सांगितलं होतं ना तुला. पण त्या काही म्हणत नाहीत. निमूटपणे पुढचं उचलतात... जो बाळा जो जो रे जो. मला तेवढंच सहन होत नाही.