बाबांचे बसवलेले दात

खालच्या जबड्यात, सुळ्याच्या मागे, बाबांनी दोन दात बसवून घेतले तेव्हा आई होती. तिनेच हट्ट धरला होता. कवळी लावली की माणूस मनातून म्हातारा होतो, असं तिचं म्हणणं. आधी हाडात धातूचा स्क्रू घालायचा, हाडाने तो धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यावर दात चढवायचा, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा बाबा मान डोलवत होते. उभं आयुष्य तारापूरच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स फिटर म्हणून काढलेला माणूस. "म्हंजे आदी फाउंडेशन बोल्ट, मग मशीन," ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंना इतका शहाणा पेशंट बहुतेक कधी भेटला नसावा.

आई गेल्यावर मी त्यांच्या मागे लागले की पालघरला आमच्याकडे राहायला या. सालवडच्या दोन खोल्यांत एकट्याने काय करणार? मी तापट आणि ते हेकट, त्यामुळे साधं बोलणंही भांडणावर जायचं. शेवटी एकदा त्यांनी निकाल दिला.

"माजं मला करता येतंय तोवर मी इथंच. नाय जमलं का येईन."

"ते आम्हाला कसं कळणार?"

"दात बघ माजे. रोज साफ केले नाय तर हे दात जातील, असं डॉक्टरनी सांगितलंय ना? दात हायत तोवर समज का म्हातारा ठीक हाय."

मीही रागाच्या भरात "ठरलं" म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून त्यांचं एकट्याने राहणं त्या दोन दातांवर येऊन ठेपलं.

आणि त्यांनी ते दात सांभाळलेही. मागच्या दारी नळाजवळ खिळ्याला आरसा टांगलेला होता. जेवण झालं की आधी चूळ, मग मऊ ब्रश, मग बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा पण काडीएवढा बारीक ब्रश, तो दोन दातांच्या फटीतून आरपार. शेवटी जाडसर दोरा दाताच्या बुडाशी घालून पुढेमागे ओढायचा. लग्नाच्या पंगतीतून उठले तरी खिशातून तो बारीक ब्रश निघायचा. केळव्याहून आत्या सुके बोंबील पाठवायची. बाबा ते भाजून तांदळाच्या भाकरीबरोबर चवीने चावायचे आणि मधेच माझ्याकडे बघायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग हात थरथरायला लागला. पहिल्यांदा दिसलं ते बशीत सांडलेल्या चहात. "कप गरम हाय," ते म्हणाले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी विशेष फरक पडला नाही. ते दात घासत असताना मी मागच्या दाराशी गेले, तर ते माझ्याकडे पाठ करून उभे राहू लागले. ब्रश भांड्यावर, नळावर आपटल्याचा आवाज तेवढा यायचा. मी विचारलं की ते म्हणत, "तुला काय, नोकरीबिकरी नाय?"

एका रविवारी मी गेले तर बाबा खाटेवर बसले होते आणि गालाला धरलेला रुमाल लाल झाला होता. समोर वर्तमानपत्रावर त्यांचे स्क्रू आवळायचे लहानातले लहान पाने ओळीने मांडलेले. कंपनीतून निवृत्त होताना आणलेला संच, अगदी घड्याळजीला शोभतील असे बारीक.

"काय केलंत हे?"

"लिकेज होतं," बाबा म्हणाले. "बुडातून रगत येत व्हतं. जॉइंटमधून गळायला लागलं तर काय करतात? टाईट करतात."

दाताच्या माथ्यावरचं भोक डॉक्टरीणबाईंनी मसाला भरून बुजवलेलं होतं. ते त्यांनी टोच्याने उकरलं, दात धरून ठेवणाऱ्या आतल्या छोट्या स्क्रूला बसेल तो पाना शोधला, आणि थरथरणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरून आरशासमोर स्वतःचा दात आवळला. पाना सटकून हिरडीत घुसला, तरी थांबले नाहीत. स्क्रू तुटल्यावर थांबले. मी इतकी ओरडले की शेजारीण दारात आली. दाताला काय पाइपलाइन समजलात का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "मग रगत कुटून येत व्हतं?"

त्याचं उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. बराच वेळ खपून त्यांनी तुटलेला तुकडा बाहेर काढला. हाडातला स्क्रू शाबूत होता. "काका, दात ढिला नव्हताच," त्या म्हणाल्या. "बुडाशी घाण साठून हिरडी सुजलीय, म्हणून रक्त येतंय. असंच राहिलं तर खालचं हाड झिजेल, आणि मग दोन्ही दात जातील. तुम्ही साफ कसं करता, जरा दाखवा बघू."

त्यांनी हातात ब्रश दिला. बाबांनी आरशात बघून ब्रश वर नेला. तो हनुवटीला लागला, मग ओठाला, मग नाकाखाली. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि परत नेला. ब्रश दातांवरून भलतीकडेच फिरला. ते थांबले नाहीत. मला वाटलं, पुरे करा म्हणावं. बऱ्याच वेळाने त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा.

"रोज कुणीतरी दुसऱ्याने करायला हवं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

सालवडला पोचल्यावर बाबांनी आपणहून बॅग भरली, गॅस बंद केला आणि कुलूप लावायला घेतलं. कुलपाला चावी लागेना तेव्हा मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. शेवटी त्यांनीच लावलं. इतकी वर्षं ज्यासाठी मी भांडले ते मला मिळालं होतं, आणि स्कूटीवर मागे त्यांना घेऊन पालघरला येताना मी रडत होते. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गॅलरीतल्या उजेडात स्टुलावर बसवलं. हात धुतले, ब्रश ओला केला आणि एका हाताने त्यांची हनुवटी धरली. त्यांनी माझं मनगट पकडलं. थरथर माझ्या हातात उतरली.

"आमच्या कंपनीत," ते म्हणाले, "चालू मशीनला असा कोनी हात लावत नाय. जो मशीन चालवतो त्याची परमिशन घ्यावी लागते."

मी हनुवटी सोडली आणि समोर जमिनीवर बसले. मग म्हटलं, "बाबा, तुमचे दात साफ करू का?"

ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"कर," म्हणाले, आणि तोंड उघडलं.