सात खंड्या आणि तीन

निजामी राजवट जाऊन दहाएक वर्षे झाली होती. नवी दशमान पद्धत खेड्यांत समजावून सांगायला आम्हा मास्तरांना पाठवत. औरंगपुऱ्यातून सकाळी निघालो तेव्हा मी चांगलाच फुगलो होतो. दहाच्या पटीत मोजावे, बाकी सगळा अडाणीपणा, अशी माझी ठाम समजूत होती.

गंगापूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. रस्त्याकडेला धनगराचे बिऱ्हाड होते. कोंडाबाई नावाच्या धनगरीण मावशींनी भाकरीवर लसणाची चटणी घालून हातात ठेवली. ओढ्यातून मेंढरे वर येऊ लागली, तशा त्या मोजायला उभ्या राहिल्या. दहा बोटे मिटायची, मग दहा उघडायची. खंडी (वीस मेंढरे) भरली की एक खडा ओटीत. आपल्यालाही मोजता येते हे दाखवायची मला खुमखुमी आली. मीही मोजली.

"एकशे त्रेचाळीस. बरोबर?" मी म्हणालो.

"व्हय, सात खंड्या आन् तीन," त्यांचे यजमान म्हणाले आणि काठी उचलून निघाले.

मावशी हलल्या नाहीत. ओटीत सात खडे होते, पण हाताची दोनच बोटे मिटलेली. "तिसरं बोट उभंच हाय. गाभण मेंढी माघारी राह्यली."

मास्तर शिकलेले आहेत, ते चुकतील का, असे यजमान म्हणू लागले. मावशी मात्र ओढ्याकडे वळल्यासुद्धा. मी पुन्हा कळपाकडे पाहिले आणि कानशिले तापली. मेंढरांना खेटून चालणारे एक पांढरे कुत्रे मी मेंढरू म्हणून मोजले होते.

मेंढी चिखलात पोटापर्यंत रुतली होती. आम्ही तिघांनी ओढून काढली, माझे धोतर कामातून गेले. काठावरच ती व्याली. मावशींनी तिसरे बोट मिटले, मग चौथे.

वीसच का, असे मी निघताना विचारले.

"हाताची धा, पायाची धा. मानूस पुरा झाला की खंडी. अर्ध्यावर कशापायी थांबायचं, मास्तर?"

माझ्याच मुलखातल्या माणसांनी सबंध देह घालून रचलेले हे गणित मी अडाणी ठरवले होते. परतताना गाडीत लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दशमानाचा धडा होता. फळ्यावर दहा लिहिण्याआधी मी वहाणा काढल्या आणि मुलांनाही पाय पुढे करायला सांगितले.