भोपळ्यांची राखण

शशिकांत राणे यांना सायकल चालवता येत नाही, असं कोणीच म्हणत नव्हतं. परदेशात चालवता येते की नाही, यावर मात्र घरात दोन तट होते. एका तटात ते स्वतः होते. दुसऱ्यात मुलगी रसिका, जावई अभिनव आणि नेदरलँड्समधली उजव्या बाजूने चालणारी यच्चयावत वाहनं.

राणे विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मुक्काम शांतीनगर, मीरा रोड. पत्नी मनोरमाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि तेव्हापासून त्यांना दुपार काढता येईना. सकाळ पेपरात जायची, संध्याकाळ सोसायटीच्या कट्ट्यावर जायची, दुपारी घर खायला उठायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. रसिकाने ते फोनवरच्या आवाजावरून ओळखलं आणि त्यांना आइंडहोवनजवळच्या आपल्या खेड्यात आणून ठेवलं. तिथे मुलगी-जावई कामावर गेले की लगेच दुपार सुरू व्हायची. गल्लीत चिटपाखरूही नसायचं.

गॅरेजमध्ये अभिनवची जुनी सायकल होती. तिच्या हँडलला ब्रेक नव्हते. पेडल उलटं मारलं की ती थांबायची. चालता चालता पेडल उगाच मागे फिरवायची राणेंची जन्माची सवय. पहिल्या दिवशी ते अनेकदा जागच्या जागी थांबले आणि एकदा सायकल थांबली तरी स्वतः पुढे गेले. मग मात्र जमलं. मक्याच्या शेतांमधून, कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर ते रोज हिंडू लागले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

अडचण एकच होती. मीरा रोडला राणे कुठलाही पत्ता निदान तिघांना विचारत आणि बहुमताने जात. इथे विचारायला फक्त गाई होत्या. त्यामुळे ते एकदा भलत्याच गावात निघाले आणि रसिकाला ऑफिस सोडून गाडी घेऊन यावं लागलं.

"बाबा, परत असं झालं ना, तर सायकल बंद," ती म्हणाली. "गॅरेजला लॉक लावीन. मी रोज लंचला व्हिडिओ कॉल करणार. तेव्हा तुम्ही घरात दिसायला पाहिजे."

"बरं," राणे म्हणाले. सायकल गेली तर आपल्याकडे नुसती दुपारच उरेल, हे त्यांना तिला सांगता आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी शेताच्या कडेला त्यांना टपरी दिसली. लाकडी फळ्यांवर भोपळे, अंड्यांचे खोके, जॅमच्या बाटल्या, बाजूला एक पत्र्याचा डबा. माणूस नाही. राणेंनी इंग्रजीत हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून हिंदीत मारली.

इथे उत्तनची गोष्ट सांगायला हवी. मीरा रोडला असताना राणे रविवारी सायकलने उत्तनला शकू कोळणीकडे मासे आणायला जात. "सायेब, जरा बसा, मी आलीच," म्हणून शकू अधूनमधून उठून जायची. मग समोर जो असेल त्याने पाटी राखायची, मांजर हाकलायचं, गिऱ्हाईक थोपवून धरायचं. यात हो-नाही म्हणायचा प्रश्न नसतो. एकदा शकू बराच वेळ आलीच नाही, तेव्हा राणेंनी बोंबील विकलेसुद्धा होते.

म्हणजे इथलाही मालक असाच कुठेतरी गेला असणार. उघडी टपरी टाकून पुढे जाणं बरं दिसलं नसतं. राणेंनी सायकल लावली आणि गवतावर बैठक मारली.

एक पक्षी अंड्यांच्या खोक्यावर येऊन बसला, त्याला त्यांनी हाकललं. तो पुन्हा आला, पुन्हा हाकललं. मग एक जोडपं सायकलवरून आलं आणि भोपळा उचलू लागलं. "वेट. ओनर कमिंग," राणे हात आडवा करून म्हणाले. ती माणसं सभ्य होती. थोडा वेळ थांबलीही. मग डब्यात नाणी टाकून, भोपळा घेऊन निघून गेली. राणेंनी त्यांचे चेहरे लक्षात ठेवले.

मालक काही येईना. तेवढ्यात मोबाइल वाजला. स्क्रीनवर रसिका होती.

"बाबा, मागे मका दिसतोय! कुठे आहात?"

"टपरीवर. मालक आला की निघतोच."

रसिकाने कपाळाला हात लावला. "तिथे मालक नसतोच हो, बाबा! लोक डब्यात पैसे टाकतात, वस्तू घेतात. कोणी बसत नाही तिथे."

राणे डब्याकडे बघत राहिले. चूक झाल्याची लाज त्यांना फारशी वाटली नाही. पण या आख्ख्या देशात निदान भोपळ्यांना तरी आपली गरज आहे, असं सकाळपासून वाटत होतं. तीही नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं.

"लोकेशन पाठवा, मी येते," रसिका म्हणाली. "आणि सायकल आजपासून बंद."

ती पोचली तेव्हा समोरच्या घरातून एक म्हातारी बाई येत होती. दोन्ही काखांत एकेक घडीची खुर्ची. तिने एक उघडून राणेंसमोर ठेवली, दुसरी उघडून स्वतः बसली. रसिकासाठी तिसरी नव्हती. मग बाई डच भाषेत बरंच काही बोलली.

"काय म्हणतायत?" राणेंनी विचारलं.

"टपरी यांचीच. खिडकीतून सकाळपासून बघत होत्या. आधी वाटलं, तुमची तब्येत बिघडलीय. मग तुम्ही पक्षी हाकलताना दिसलात." रसिकाने बाईचं पुढचं ऐकून घेतलं. "विचारतायत, उद्या येणार का."

"ते त्यांना तुलाच विचारायला सांग. सायकल तुझ्या ताब्यात आहे."

रसिकाने खुर्च्यांकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "घरी करमत नाही का, बाबा?"

"दुपारचं नाही," राणे म्हणाले.

रसिकाने म्हातारीला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. म्हातारीने मान डोलावली.

"काय सांगितलंस?"

"येतील म्हटलं," रसिका म्हणाली आणि गाडीकडे वळली. "उद्यापासून डबा देते. इथेच जेवा."